मोडीत निघालेल्या मोटारीचे मोल : पार्श्वभूमी

पंधरा वर्षे उलटलेली मोटार मोडीत द्यायला निघालेल्या मालकाच्या कानावर आज तीन वेगवेगळे हिशेब येतात. भंगारवाला वजनावर बोलतो, नोंदणीकृत मोड केंद्र गाडीचे मॉडेल आणि कागदपत्रे पाहून ठोक रक्कम सांगते, आणि सरकारी धोरणाचा हवाला देणारा कोणीतरी ‘नव्या गाडीच्या किमतीच्या चार ते सहा टक्के’ असे सांगतो. हे तीन हिशेब एकाच वस्तूचे असले तरी ते वेगवेगळ्या काळांत आणि वेगवेगळ्या गरजांतून तयार झालेले आहेत. त्यांतला तिसरा सर्वांत नवा आहे आणि सर्वांत जास्त गैरसमज त्याच्याभोवतीच आहेत.

परवाना राज्याच्या काळात मोटारीचा धातू म्हणून फारसा विचार होत नसे. नवी गाडी मिळायला वर्षानुवर्षे थांबावे लागत असल्याने जुनी गाडी मरूच दिली जात नसे, आणि मेलीच तर तिचे इंजिन, गिअरबॉक्स, दरवाजे आणि बोनेट दुसऱ्या गाडीत जिवंत राहत. पोलादाचे भाव आणि वाटप सरकारी नियंत्रणाखाली होते. धातूच्या भंगाराच्या निर्यातीवर देखरेख ठेवण्यासाठी १९६४ मध्ये केंद्राने एक महामंडळ स्थापन केले, आणि पुढे १९९२ पर्यंत लोखंडी भंगाराची आयातही त्याच महामंडळामार्फत होत असे. जानेवारी १९९२ मध्ये पोलादावरील भावनियंत्रण उठले. तेव्हापासून भंगार वितळवून पोलाद करणाऱ्या देशातल्या भट्टीवाल्याचा दर जागतिक बाजाराकडे पाहून हलू लागला, आणि कुर्ल्यात किंवा पुण्यात कापल्या जाणाऱ्या गाडीच्या पत्र्याचा भावही त्याच्यामागून हलू लागला.

बाजाराची मूळ पद्धत मात्र त्याआधीच बसलेली होती आणि ती आजही फारशी बदललेली नाही. मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडच्या परिसरात, पुण्यात नाना पेठेच्या आसपास, दिल्लीत मायापुरीला, चेन्नईत पुदुपेट्टईला, सगळीकडे गाडी आधी सुट्या भागांसाठी पाहिली जाते आणि मग धातूसाठी. चालू स्थितीतले इंजिन, स्टार्टर, अल्टरनेटर, डोअर ग्लास, हेडलाइट आणि टायर यांचे मोल वेगळे धरले जाते. त्यानंतर उरलेल्या सांगाड्याची प्रतवारी होते. बॉडीचा पत्रा हलका असल्याने त्याला कमी दर मिळतो, चासीचे व अ‍ॅक्सलचे जाड लोखंड भट्टीला अधिक आवडते, इंजिनाचा ठोकळा बिडाचा आहे की अ‍ॅल्युमिनियमचा यावर त्याचा दर ठरतो, वायरिंगमधले तांबे आणि बॅटरीतले शिसे वेगळ्या काट्यावर जातात. सरासरी मोटारीच्या वजनात लोखंड-पोलादाचा वाटा सुमारे ६५ ते ७० टक्के आणि अ‍ॅल्युमिनियमचा ७ ते १० टक्के असतो. उरलेले प्लॅस्टिक, रबर, काच आणि फोम बहुधा उत्पन्न देत नाहीत, उलट त्यांची विल्हेवाट लावण्याचा खर्चच येतो. ‘गाडीचे वजन ८०० किलो, म्हणजे ८०० किलो लोखंडाचे पैसे’ असा हिशेब मनात धरून जाणाऱ्या मालकाची निराशा होते ती येथेच.

या प्रतवारीत १९९५ नंतर एका भागाची भर पडली. त्या वर्षीच्या १ एप्रिलपासून चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना शिसेविरहित पेट्रोल आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले घातक वायू कमी करणारा डबा) सक्तीचे झाले. या डब्यात प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम हे धातू अत्यल्प प्रमाणात असतात, पण त्यांचे भाव असे आहेत की सायलेन्सरच्या नळीत बसवलेला हा लहानसा भाग कधीकधी काही शेकडा किलो पत्र्याच्या तोडीचा ठरतो. जाणकार भंगारवाला तो सर्वप्रथम कापून बाजूला ठेवतो, आणि मालकाला सहसा त्याची कल्पनाही नसते. माझ्या मते या व्यवहारात मालकाचे सर्वांत मोठे आणि सर्वांत शांतपणे होणारे नुकसान हेच आहे.

मोलाचा दुसरा भाग कागदांत आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने खाजगी गाडीच्या नोंदणीची मुदत १५ वर्षे ठरवली आणि गाडी नष्ट झाल्यास नोंदणी रद्द करून घेण्याची जबाबदारी मालकावर टाकली. व्यवहारात चासी क्रमांकाचा कापलेला तुकडा आणि आरसी बुक आरटीओत जमा करावे लागत असे. तो खटाटोप टाळून गाडी तशीच भंगारात देणारे पुष्कळ होते, आणि अशा गाडीचा क्रमांक चोरीच्या गाडीवर चढवला जाण्याचा धोका वर्षानुवर्षे कायम राहिला. स्वच्छ कागदांची, कर्जाचा बोजा उतरवलेली आणि दंड थकीत नसलेली गाडी तेव्हाही थोडी जास्त किंमत मिळवून देत असे, पण तिचा कागद स्वतंत्रपणे विकता येईल अशी कल्पना तेव्हा नव्हती.

वयाची मर्यादा ही तिसरी बाजू शहरांतल्या प्रदूषणाच्या प्रश्नातून आली. मुंबईत टॅक्सींची कमाल वयोमर्यादा २०१३ मध्ये २५ वरून २० वर्षांवर आणली गेली. शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून ही गाडी टॅक्सी म्हणून रस्त्यावरून कायमची गेली. दिल्लीत १५ वर्षांवरील गाड्यांना मनाई करणारा आदेश २०१४ मध्ये आणि १० वर्षांवरील डिझेल गाड्यांबाबतचा आदेश २०१५ मध्ये निघाला, आणि २०१८ मध्ये सर्वोच्च पातळीवर त्यावर शिक्कामोर्तब झाले. गाडी उत्तम चालत असली तरी एका विशिष्ट तारखेला ती त्या शहरापुरती धातू होते, ही गोष्ट बाजाराला नवी होती. मुदत जवळ आलेल्या मालकाकडे वेळ नसतो हे ओळखून खरेदीदार भाव पाडतो, आणि दिल्लीतल्या अनेक गाड्या ना-हरकत प्रमाणपत्रावर इतर राज्यांत विकल्या गेल्या त्या याच दबावामुळे.

या पार्श्वभूमीवर दोन धोरणे पाठोपाठ आली. नोव्हेंबर २०१९ मध्ये पोलाद भंगाराच्या पुनर्वापराचे धोरण जाहीर झाले. देश तेव्हा दरवर्षी सुमारे ७० लाख टन लोखंडी भंगार बाहेरून आणत असे, ते देशातल्याच जुन्या वाहनांतून व यंत्रांतून मिळावे, हा त्याचा हेतू होता. जालन्यासारख्या ठिकाणच्या भट्ट्यांना, ज्यांची सळई भंगारावर अवलंबून आहे, हा विषय थेट जिव्हाळ्याचा आहे. त्यानंतर फेब्रुवारी २०२१ च्या अर्थसंकल्पात वाहने ऐच्छिकरीत्या मोडीत काढण्याचे धोरण सूचित झाले, १८ मार्च २०२१ रोजी त्याचा तपशील लोकसभेत मांडला गेला आणि त्याच वर्षी १३ ऑगस्टला ते औपचारिकरीत्या सुरू झाले.

त्या १८ मार्चच्या निवेदनातच चार ते सहा टक्क्यांचा आकडा आहे. मोड केंद्राकडून जुन्या गाडीला मिळणारी भंगार किंमत ही नव्या गाडीच्या एक्स-शोरूम किमतीच्या (नोंदणी व विम्याचा खर्च धरण्याआधीच्या किमतीच्या) सुमारे ४ ते ६ टक्के असेल, असे त्यात म्हटले होते. हा अंदाज होता, हमी नव्हती. सप्टेंबर २०२१ मध्ये मोड केंद्रांच्या नोंदणीचे आणि कामकाजाचे नियम अधिसूचित झाले, तेव्हा प्रत्यक्ष मोबदला ठरवण्याचे काम मालक आणि केंद्र यांच्यातील व्यवहारावरच राहिले. तरीही जाहिरातींत, बातम्यांत आणि मालकांच्या अपेक्षेत हा आकडा हक्काच्या दरासारखा रुजला, आणि तेथून पुढचे बहुतेक वाद सुरू झाले.

पहिली अडचण टक्के कोणत्या किमतीवर मोजायचे ही आहे. हिशेबाच्या जगात यंत्राचे आयुष्य संपल्यावर उरणारे मूल्य मूळ खरेदी किमतीच्या प्रमाणात धरतात. कंपनी कायद्यातही अवशिष्ट मूल्याची सर्वसाधारण मर्यादा मूळ किमतीच्या ५ टक्के आहे. निवेदनातला आकडा दिसायला तसाच असला तरी तो आजच्या नव्या गाडीच्या किमतीवर उभा आहे. वीस वर्षांपूर्वी २ लाखांना घेतलेल्या गाडीचे मूळ किमतीवर ५ टक्के म्हणजे १०,००० रुपये होतात, तर त्याच वर्गातली आजची गाडी ५ लाखांची धरली तर २५,००० होतात. आता मारुती ८०० किंवा अ‍ॅम्बॅसडर मोडीत देणाऱ्याने कोणती नवी गाडी धरायची? या दोन्ही गाड्यांचे उत्पादन २०१४ मध्येच थांबले.

दुसरी अडचण अधिक मूलभूत आहे. एक्स-शोरूम किमतीत धातू किती आणि कर, इलेक्ट्रॉनिक्स, नाव व नफा किती, याचे प्रमाण गाडीगणिक बदलते. उदाहरणादाखल ८०० किलोची छोटी गाडी घेऊ. लोखंड ५२० किलो आणि दर २५ रुपये धरला तर १३,००० रुपये, अ‍ॅल्युमिनियम ५६ किलो आणि दर ११० रुपये धरला तर ६,१६०, तांबे ८ किलो आणि दर ५०० धरला तर ४,००० रुपये, असे मिळून साधारण २३,००० रुपये होतात. हे दर गृहीत आहेत आणि बाजारात रोज बदलतात, पण साडेपाच लाखांच्या नव्या गाडीचे ४ टक्के म्हणजे २२,००० असल्याने येथे दोन्ही हिशेब जवळपास जुळतात. आता १,८०० किलोची आणि २० लाखांची मोठी गाडी घेतली, तर त्याच प्रमाणांनी व त्याच दरांनी धातू साधारण ५२,००० रुपयांचा निघतो, आणि टक्केवारी मात्र ८०,००० ते १,२०,००० सांगते. हा फरक कोणत्याही केंद्राला स्वतःच्या खिशातून भरता येणार नाही.

या सूत्रातली विसंगती सर्वांत स्पष्टपणे दिसली ती सप्टेंबर २०२५ मध्ये. त्या महिन्याच्या २२ तारखेपासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा कर उपकर धरून २९ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. ही सवलत पूर्णपणे ग्राहकाला मिळाली असे मानले तर एक्स-शोरूम किंमत सुमारे साडेआठ टक्क्यांनी उतरते, आणि सूत्र शब्दशः घेतले तर दारात उभ्या असलेल्या जुन्या गाडीचे भंगारमूल्यही एका रात्रीत तेवढेच उतरते. त्या गाडीतला एक ग्रॅम धातूसुद्धा त्या रात्री कमी झालेला नव्हता.

आकडा कोणत्या वेळी सांगितला गेला हेही लक्षात घेतले पाहिजे. मार्च २०२१ हा धातूंच्या तेजीचा काळ होता. ऱ्होडियम त्या वसंत ऋतूत औंसाला २९,००० डॉलरच्या घरात गेला होता आणि पोलादही चढत होते. पुढे मे २०२२ मध्ये केंद्राने पोलादाच्या निर्यातीवर शुल्क लावले, नोव्हेंबरमध्ये ते काढले, आणि ऱ्होडियम तर शिखरावरून कितीतरी खाली आला. वजनावर बांधलेला दर अशा चढउतारांबरोबर वर-खाली होतो. शोरूमच्या किमतीवर बांधलेला दर होत नाही. टक्केवारी मांडण्यामागचा हेतू सामान्य मालकाला एक सोपा अंदाज देण्याचा असावा हे मान्य केले तरी, वजनकाट्याची पावती आणि त्या दिवसाचा दर लिहून देण्याची सक्ती त्याच वेळी केली असती तर मालकाचे अधिक भले झाले असते, असे मला ठामपणे वाटते.

टक्केवारीच्या जोडीला जे लाभ ठेवले गेले त्यांनी मोलाची व्याख्याच विस्तारली. केंद्रात गाडी जमा केल्यावर मिळणारे ठेव प्रमाणपत्र दाखवल्यास नव्या गाडीचे नोंदणी शुल्क माफ होते, आणि राज्यांना खाजगी गाड्यांसाठी रस्ता करात २५ टक्क्यांपर्यंत व व्यावसायिक गाड्यांसाठी १५ टक्क्यांपर्यंत सूट देण्याची मुभा आहे. हे प्रमाणपत्र हस्तांतरणीय असल्याने नवी गाडी न घेणारा मालक ते दुसऱ्याला विकू शकतो. उत्पादकांनी ५ टक्के सवलत द्यावी, असा सल्ला मूळ धोरणात होता. प्रत्यक्षात ऑगस्ट २०२४ मध्ये अनेक उत्पादकांनी प्रवासी गाड्यांसाठी मान्य केली ती दीड टक्का किंवा २०,००० रुपये, यांपैकी जी रक्कम कमी असेल तेवढी. उलट बाजूने, १५ वर्षांवरील मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० वर गेले आणि २० वर्षांवरील मोटारींसाठी ते ऑगस्ट २०२५ मध्ये १०,००० झाले. गाडी ठेवण्याचा खर्च वाढला की ती देण्याचा भाव कमी असला तरी मालक तयार होतो, आणि हा दबाव कोणत्याही सूत्रात लिहिलेला नसतो.

नोंदणीकृत केंद्र आणि गल्लीतला भंगारवाला यांच्या दरांतली तफावतही याच काळात चर्चेत आली. केंद्राला तेल, कूलंट आणि एसीचा वायू सुरक्षितपणे काढावा लागतो, एअरबॅग निकामी कराव्या लागतात आणि गाडी चोरीची नाही याची खातरजमा करावी लागते. भंगारवाल्याकडे तेच तेल पुष्कळदा जमिनीत मुरते. त्यामुळे भंगारवाला रोख रक्कम अधिक देऊ शकतो आणि त्या फरकाची किंमत आसपासची माती मोजते. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरील सरकारी वाहनांची नोंदणी संपुष्टात आली, तेव्हा केंद्रांना प्रथमच भरवशाचा पुरवठा मिळू लागला. १० ऑक्टोबर २०२४ पासून नोंदणी नसलेल्या विक्रेत्याकडून धातूचे भंगार घेणाऱ्या नोंदणीकृत खरेदीदारावर कर भरण्याची जबाबदारी आली, आणि असंघटित साखळीचा बिनकराचा फायदा काही प्रमाणात घटला.

सर्वांत अलीकडचा टप्पा जानेवारी २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या आणि १ एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या आयुर्मान संपलेल्या वाहनांच्या नियमांचा आहे. त्यांनुसार उत्पादकाने पूर्वी बाजारात आणलेल्या गाड्यांतील पोलादाच्या किमान ८ टक्के इतके पोलाद सुरुवातीच्या पाच वर्षांत दरवर्षी मोडीतून परत आल्याचे दाखवायचे आहे. हे प्रमाण २०३० पासून १३ टक्के आणि २०३५ पासून १८ टक्के होईल. खाजगी गाड्यांसाठी वीस वर्षांपूर्वीची आणि व्यावसायिक गाड्यांसाठी पंधरा वर्षांपूर्वीची विक्री धरली जाते. ही पूर्तता उत्पादक मोड केंद्रांकडून प्रमाणपत्रे विकत घेऊन करू शकतो, आणि ती प्रमाणपत्रे पोलादाच्या वजनावर निघतात. म्हणजे त्याच गाडीतल्या पोलादाचे पैसे आता केंद्राला दोनदा मिळू शकतात, एकदा भट्टीकडून आणि एकदा उत्पादकाकडून. या दुसऱ्या रकमेतला किती भाग गाडी आणून देणाऱ्या मालकापर्यंत पोहोचेल, हे सध्या त्याच्या आणि केंद्राच्या घासाघिशीवर सोडलेले आहे.