प्रतिकारशक्ती जितकी जास्त तितकी बरी?

कोरोनापासून घरोघरी काढे उकळतायत. समजूत एकच: ‘इम्युनिटी’ जितकी वाढेल तितकं चांगलं. हे खरं नाही.

निरोगी माणसाच्या रक्तातही स्वतःच्याच अवयवांवर उलटू शकणाऱ्या टी-पेशी (रोगांशी लढणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार) फिरत असतात. छातीतल्या थायमस ग्रंथीत अशा बऱ्याच पेशी मारल्या जातात, सगळ्या नाही. उरलेल्यांना आवरतात नियामक टी-पेशी. १९९५ साली जपानी शास्त्रज्ञ शिमोन साकागुची यांनी त्या उंदरांत ओळखल्या. २००१ मध्ये मेरी ब्रन्को आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी फॉक्सपी३ जनुक शोधलं. नियामक पेशी घडतात त्या याच्याच जोरावर. तिघांना २०२५ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. हे जनुक बिघडलं की मुलग्यांना ‘आयपेक्स’ हा आजार होतो: तान्हेपणीच मधुमेह, न थांबणारे जुलाब, इसब. या बाळांची प्रतिकारशक्ती दुबळी नसते, बेलगाम असते.

मात्र रक्तातल्या टी-पेशीत फॉक्सपी३ चालू दिसलं म्हणजे ती नियामकच, असंही नाही (हा गैरसमज जाणकारांतही आढळतो). माणसाच्या साध्या टी-पेशीही उत्तेजित झाल्यावर थोडा वेळ हे जनुक चालू करतात.

मूत्रपिंड बदललेल्यांना तर प्रतिकारशक्ती दाबायची औषधं रोज घ्यावी लागतात, नाहीतर ती नव्या मूत्रपिंडावरच उलटते. त्यांनी प्रतिकारशक्तीच्या ‘बूस्टर’च्या वाटेला डॉक्टरांना न विचारता जाऊच नये.