खपाचा उंबरठा

२०१२ च्या पावसाळ्यात मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या पदपथावर निळ्या प्लॅस्टिकखाली झाकलेल्या पुस्तकांमध्ये एकाच पुस्तकाची चळत सर्वांत उंच होती. राखाडी मुखपृष्ठ, त्यावर चंदेरी टाय आणि ‘फिफ्टी शेड्स ऑफ ग्रे’ हे नाव: तीन भागांच्या इंग्रजी शृंगारिक कादंबरीमालेतला हा पहिला भाग. गिऱ्हाईक थांबले की विक्रेता काही न विचारताच तीच प्रत पुढे करत असे. मीही ती घेतली, आणि शंभरेक पाने वाचल्यावर मला जो प्रश्न पडला तो त्या वर्षी असंख्य वाचकांना पडलेला होता: यात एवढे काय आहे? नायिका ओठ चावते, ते पाहून नायक बेचैन होतो, आणि चार पाने उलटली की पुन्हा तेच. महाराष्ट्री प्राकृतातील गाथांपासून लावणीपर्यंत शृंगाराची रसरशीत परंपरा ज्या भाषेच्या पाठीशी आहे, त्या भाषेच्या वाचकाने केवळ विषयाच्या धीटपणाने थक्क व्हावे, असेही त्यात काही नव्हते.

हा प्रश्न आपण पुस्तकाला विचारतो आणि पुस्तकात उत्तर सापडले नाही की एक तर वाचकांना नावे ठेवतो, नाही तर स्वतःच्या रसिकतेविषयी शंका घेतो. मला या दोन्ही गोष्टी अन्यायकारक वाटतात. खपाचा उसळता आलेख कसा तयार होतो याचा अभ्यास समाजशास्त्र आणि अर्थशास्त्र गेली काही दशके करत आहे, आणि त्यातून मिळणारे उत्तर प्रामुख्याने वाचकांच्या परस्परसंबंधांविषयीचे आहे.

आधी या पुस्तकाचा प्रवास पाहू. लंडनमध्ये राहणाऱ्या ई. एल. जेम्स यांनी हे लेखन प्रथम ‘ट्वायलाइट’ या कादंबरीमालेच्या चाहत्यांसाठी, त्याच पात्रांची नावे वापरून, टोपणनावाने इंटरनेटवर प्रकरणाप्रकरणाने लिहिले. नंतर नावे बदलून ते २०११ साली ऑस्ट्रेलियातील एका छोट्या प्रकाशनसंस्थेकडून ई-पुस्तक आणि मागणीनुसार छापली जाणारी प्रत अशा दोन रूपांत बाहेर आले. जाहिरातीसाठी त्या संस्थेकडे फारसा पैसा नव्हता. २०१२ च्या वसंतात रँडम हाउस समूहातील व्हिंटेज या मोठ्या प्रकाशनाने हक्क घेतले, आणि फेब्रुवारी २०१४ पर्यंत तिन्ही भागांच्या मिळून जगभर १० कोटींहून अधिक प्रती खपल्या. ५० हून अधिक भाषांत अनुवाद झाले. हा प्रवास पाहिला की एक गोष्ट ध्यानात येते: मोठ्या प्रकाशकाने हात लावण्याआधीच, केवळ एका वाचकाने दुसऱ्याला सांगितल्यामुळे, पुस्तक धावू लागले होते.

एकाचे पाहून दुसऱ्याने करणे हे आपल्याला नवे नाही. ‘गतानुगतिको लोकः’ या सुभाषितामागची गोष्ट अनेकांनी शाळेत ऐकली असेल. गंगास्नानाला गेलेल्या एका माणसाने आपले तांब्याचे भांडे वाळूत पुरले आणि खूण म्हणून वर वाळूची पिंड केली. मागून येणाऱ्या यात्रेकरूंना वाटले की स्नानापूर्वी पिंड करण्याची येथे प्रथा असावी. तो बाहेर आला तेव्हा काठभर पिंडीच पिंडी होत्या आणि आपले भांडे कोणत्या पिंडीखाली आहे हे त्याला कळेना. गोष्ट आपण माणसांच्या मूर्खपणाची म्हणून सांगतो. पण त्या यात्रेकरूंपैकी कोणीही मूर्खपणा केला नव्हता. प्रत्येकाने दिसणाऱ्या पुराव्यावरून वाजवी अनुमान काढले होते, आणि तरीही सर्वांनी मिळून खरी माहिती, म्हणजे ते भांडे, वाळूखाली गाडून टाकले.

नेमकी हीच रचना अभिजित बॅनर्जी यांनी १९९२ मध्ये गणितात मांडली. पुढे २०१९ मध्ये नोबेल मिळालेले हे अर्थशास्त्रज्ञ मुंबईत जन्मले आणि त्यांच्या आई मराठी, हे अनेकांना ठाऊक असते. त्यांचा कळपवृत्तीवरील हा निबंध मात्र त्या मानाने कमी ठाऊक आहे. त्यातले उदाहरण असे. शेजारीशेजारी दोन उपाहारगृहे आहेत, त्यांना अ आणि ब म्हणू. अ किंचित बरे असावे, शंभरात एक्कावन्न इतपतच, असा सर्वसाधारण समज आहे. शंभर माणसे एकेक करून येतात आणि प्रत्येकाकडे स्वतःची अशी थोडी खासगी माहिती असते. त्यांतील नव्व्याण्णव जणांची माहिती ब चांगले असे सांगते, एकाचीच अ चांगले असे सांगते, आणि योगायोगाने तो एकटाच सर्वांत आधी येतो. तो अर्थातच अ मध्ये जातो. दुसऱ्याची माहिती ब च्या बाजूची असते. पण समोर एक जण अ मध्ये बसलेला पाहून तो समजतो की त्याची माहिती अ च्या बाजूची असणार. दोन्ही माहिती एकमेकींना छेदतात, उरतो तो एक्कावन्न टक्क्यांचा समज, आणि दुसराही अ मध्ये जातो. तिसऱ्याला दुसऱ्याच्या निवडीतून काहीच कळत नाही, कारण दुसऱ्याने कोणत्याही परिस्थितीत अ च निवडले असते. म्हणून तिसराही तिकडेच वळतो, आणि पाहता पाहता शंभर माणसे अ मध्ये बसतात, ब रिकामे राहते. नव्व्याण्णव लोकांना ठाऊक असलेली गोष्ट कोणाच्याच कृतीत उमटत नाही. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातील तीन अभ्यासकांनी स्वतंत्रपणे असेच प्रतिमान मांडले आणि त्याला माहितीचा धबधबा अशा अर्थाचे नाव दिले.

पण धबधबा सुरू होण्यासाठी पाणी कड्यापर्यंत यावे लागते. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९७८ मध्ये यासाठी वापरलेल्या संकल्पनेला मराठीत उंबरठा म्हणता येते आणि हा शब्द येथे अगदी चपखल बसतो. प्रत्येक माणसाचा एक उंबरठा असतो: इतक्या लोकांनी केले तर मीही करीन. समजा शंभर माणसांचे उंबरठे शून्य, एक, दोन असे करत नव्व्याण्णवपर्यंत आहेत. शून्यवाला स्वतःहून पुस्तक घेतो, त्याला पाहून एकवाला, त्या दोघांना पाहून दोनवाला, आणि शेवटी शंभरही जण पुस्तक घेतात. आता या समूहात एकच बदल करा. ज्याचा उंबरठा एक होता त्याचा दोन करा. शून्यवाला पुस्तक घेतो आणि साखळी तेथेच तुटते. दोन्ही समूहांतील नव्व्याण्णव माणसे तीच, आवड तीच, पुस्तकही तेच. एकीकडे खप शंभर आणि दुसरीकडे खप एक. खपाच्या आकड्यावरून समाजाच्या अभिरुचीविषयी निष्कर्ष काढणाऱ्यांना मी हे उदाहरण नेहमी सांगतो.

जेम्स यांच्या पुस्तकाला शून्य आणि एक उंबरठ्याची माणसे आयती मिळाली होती, ती म्हणजे इंटरनेटवर प्रत्येक प्रकरणाची वाट पाहून प्रतिक्रिया देणारा चाहतावर्ग. त्यात ई-वाचकयंत्रांचा तो काळ. शृंगारिक पुस्तक हातात दिसणे हा अनेक स्त्रियांसाठी उंबरठ्याचा मोठा भाग असतो. आपल्याकडेही अशी पुस्तके वर्तमानपत्राचे वेष्टन घालून वाचली जात. यंत्रावर मुखपृष्ठच दिसत नाही, त्यामुळे तो उंबरठा एकाएकी बुटका झाला. छापील प्रतीवरही टायचे सोज्ज्वळ मुखपृष्ठ होते, पुढे पुस्तक सुपरमार्केटात दुधाच्या पिशव्यांशेजारी मांडले गेले, आणि लाजण्याचे उरलेसुरले कारणही संपले.

हे सारे गणित वास्तवात उतरते का? त्याची कसोटी २००६ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका सुंदर प्रयोगाने घेतली. मॅथ्यू साल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी अनोळखी वाद्यवृंदांची ४८ अनोळखी गाणी एका संकेतस्थळावर ठेवली. १४,३४१ लोकांनी भाग घेतला. काहींना केवळ गाण्यांची यादी दिसत होती. इतरांना प्रत्येक गाणे आधी किती जणांनी उतरवून घेतले (डाउनलोड केले) हेही दिसत होते. या दुसऱ्या गटाची आणखी आठ स्वतंत्र जगांत विभागणी केली होती. प्रत्येक जगात आकडे शून्यापासून सुरू झाले आणि एका जगातील लोकांना दुसऱ्या जगातले काहीच कळत नव्हते. इतिहास आठ वेळा नव्याने घडवून पाहावा, तसा हा प्रयोग होता.

इतरांची निवड दिसू लागली की लोकप्रिय गाणी अधिक लोकप्रिय झाली आणि मागे पडलेली अधिक मागे पडली. आणि कोणते गाणे पुढे जाईल हे प्रत्येक जगात वेगळे ठरले. इतरांची निवड न दिसणाऱ्या गटाच्या क्रमवारीत २६ वे आलेले एक गाणे एका जगात पहिले आले आणि दुसऱ्या जगात ४० वे. अत्युत्तम गाणी क्वचितच तळाला गेली, अगदी सुमार गाणी क्वचितच शिखरावर पोहोचली, पण मधल्या विस्तीर्ण पट्ट्यात काहीही घडू शकत होते. माझ्या मते बहुतेक गाजलेली पुस्तके याच पट्ट्यातून येतात. ज्या जगात आपण राहतो त्यात हे पुस्तक पहिले आले, म्हणून आपण त्याच्या पानांत कारण शोधतो. शेजारच्या एखाद्या जगात ते चाळिसावे आले असते आणि आपण त्याचे नावही ऐकले नसते.

याचा अर्थ मजकुराला महत्त्व नाही असा मुळीच नाही. जोडी आर्चर आणि मॅथ्यू जॉकर्स यांनी सुमारे पाच हजार इंग्रजी कादंबऱ्यांचे संगणकीय विश्लेषण केले, तेव्हा या कादंबरीतील भावनांचा आलेख विलक्षण नियमित लयीत वरखाली होताना आढळला, जणू ठेका धरल्यासारखा. मला जो तोचतोचपणा वाटला, तो दुसऱ्या वाचकाला पान उलटायला लावणारा ताल होता. तरीही अशा नियमित लयीच्या सगळ्याच कादंबऱ्या दहा कोटींचा पल्ला गाठत नाहीत, तेव्हा तालाने दार उघडले असेल, गर्दी तालाने जमलेली नाही.

गर्दी जमवण्यात टीकाकारांचाही हात असतो. जोना बर्जर आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मधील परीक्षणांचा खपावरील परिणाम तपासला. प्रतिकूल परीक्षणाने प्रस्थापित लेखकांचा खप सुमारे १५ टक्क्यांनी घटला, पण अपरिचित लेखकांचा ४५ टक्क्यांनी वाढला. नाव डोक्यात राहते, शेरा विसरला जातो. २०१२ मध्ये अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याच्या ब्रेव्हार्ड परगण्यातील वाचनालयांनी हे पुस्तक काढून टाकले आणि काही आठवड्यांत परत ठेवले. दरम्यान त्याची बातमी देशभर पोहोचली होती.

आता माझा मूळ प्रश्न. पुस्तक मलाच का भिडले नाही? बालाझ कोवाच आणि अमांडा शार्की यांनी २०१४ मध्ये याच्याशी अगदी जवळचा अभ्यास प्रसिद्ध केला. पुरस्कार मिळालेली आणि अंतिम यादीत येऊनही पुरस्कार हुकलेली अशी ६४ पुस्तके निवडून त्यांनी ‘गुडरीड्स’ या पुस्तकांविषयीच्या संकेतस्थळावरील ३८,८१७ वाचक-अभिप्राय तपासले. पुरस्कार जाहीर झाल्यानंतर विजेत्या पुस्तकांचे गुणांकन, हुकलेल्या पुस्तकांच्या तुलनेत, घसरले. त्यांचे एक प्रमुख स्पष्टीकरण असे की प्रसिद्धीपूर्वी पुस्तकाकडे येणारा वाचक त्या प्रकारची आवड असलेला असतो. प्रसिद्धीनंतर येणारा वाचक पुस्तकासाठी नव्हे, प्रसिद्धीसाठी येतो. प्रणयकादंबऱ्या नेमाने वाचणाऱ्या, त्यांची वळणे आणि संकेत ठाऊक असलेल्या वाचकांसाठी लिहिलेली गोष्ट माझ्या हाती आली ती केवळ चळतीची उंची पाहून. मी त्या रांगेतला फार मागचा माणूस होतो. माझा उंबरठा काही लाखांचा असावा, आणि इतक्या उंच उंबरठ्याच्या माणसाला पुस्तक न आवडणे हे अपवादात्मक नाही. प्रसिद्धीच्या त्या टप्प्यावर अपेक्षित असलेलीच ती गोष्ट आहे. पहिल्या वाचकांनी मनापासून दिलेली दाद खरी होती आणि माझा कंटाळाही खरा होता.

बॅनर्जींच्या उदाहरणातील शंभर माणसे अ मध्ये बसलेली असतात, पण त्यांतील नव्व्याण्णव जणांच्या खिशात ब ची माहिती तशीच शाबूत असते. म्हणून असे धबधबे जितक्या वेगाने सुरू होतात तितक्याच वेगाने आटतात. मार्च २०१६ मध्ये वेल्समधील स्वानसी शहरातल्या ऑक्सफॅमच्या धर्मादाय दुकानात लोकांनी दान केलेल्या या पुस्तकाच्या इतक्या प्रती साठल्या की कर्मचाऱ्यांनी त्या रचून चक्क एक छोटा किल्ला उभारला. त्याचे छायाचित्र प्रसिद्ध करून त्यांनी नागरिकांना विनंती केली की हे पुस्तक आता कमी आणावे, त्याऐवजी साठ-सत्तरच्या दशकातल्या जुन्या ध्वनिमुद्रिका द्याव्यात.