तापलेलं इंजिन, गार पाणी

मालव्यात बोनेट उघडून इंजिन धुवायचं असेल तर एप्रिल-मेसारखा मुहूर्त नाही. हवा इतकी कोरडी असते की सांदीकोपऱ्यात राहिलेलं पाणी संध्याकाळपर्यंत उडून जातं. इंदूरची मराठी घरं मात्र हे काम काढतात ते खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी. ऑफिसातून नुकतीच आलेली गाडी अजून धगधगत असते, सकाळी तिला हार घालायचा असतो, म्हणून पाइप लावून बोनेटखाली धार सोडली जाते. गोम नेमकी इथेच आहे.

इंजिन पाण्याला भीत नाही. पावसात खालून चाकांचे फवारे ते झेलतंच. वायरींचे बहुतेक कनेक्टर रबरी सीलचे असतात आणि त्यांतले चांगले ‘आयपी ६७’ या दर्जाचे, म्हणजे १ मीटर पाण्यात अर्धा तास बुडवून तपासलेले. मग धारेखाली ते का हरतात?

याचं उत्तर वायूच्या साध्या नियमात आहे. गाडी चालताना कनेक्टरमधली किंवा एखाद्या बंद डबीतली हवा ९० अंशांपर्यंत तापते, फुगते आणि थोडी थोडी करून सीलच्या कडेने, वायरीच्या तारांमधल्या फटींतून बाहेर निघून जाते. आत उरते विरळ, तापलेली हवा. आता वरून गार पाणी पडलं आणि डबी झटकन ३० अंशांवर आली की आतला दाब सुमारे १६ टक्क्यांनी घटतो. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंच आहे. तिथल्या हवेच्या दाबाचा हिशेब केला तर ही घट दीड मीटरहून थोड्या जास्त उंचीच्या पाण्याच्या दाबाएवढी भरते. म्हणजे ज्या सीलची परीक्षा १ मीटरची झाली आहे, त्याच्यावर वाईटात वाईट स्थितीत त्याच्या दीडपट ताण येतो. डबी बाहेरचं पाणी स्वतःच आत ओढते. जेवणाच्या डब्यात गरम भाजी बंद करून ठेवली की थंड झाल्यावर झाकण घट्ट बसतं, तसाच हा प्रकार. फरक इतकाच की इथे झाकणावर पाणी उभं असतं.

म्हणून पहिली आणि जवळजवळ सगळी काळजी एकच: इंजिन गार होऊ द्यायचं. त्यावर हात सहज टेकवून ठेवता आला पाहिजे. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी धुवावी हे उत्तम. एक्झॉस्टच्या तापलेल्या बिडावर गार पाणी पडून तडा जाण्याचा धोकाही त्यातच टळतो.

दुसरा शत्रू जोर. घरगुती प्रेशर वॉशरचा दाब सहज १०० बारपर्यंत जातो. एवढी धार सोसणाऱ्या जोडांसाठी ‘आयपी ६९के’ असा वेगळा दर्जा आहे आणि बोनेटखालचा प्रत्येक जोड त्या दर्जाचा नसतो. माझ्या मते प्रेशर वॉशर बोनेटखाली आणूच नये. झाडांना पाणी घालायची फवाऱ्याची बाटली पुरते.

काळ्या मातीच्या मुलखात धुण्याआधी कोरडी झाडझूड हवी. या मातीतले चिकणमातीचे कण पाणी पिऊन फुगतात आणि त्यांचा चिखल रेडिएटरच्या पात्यांमध्ये बसला की वाळून घट्ट होतो. आधी मऊ ब्रशने धूळ काढायची. काचेखालच्या जाळीतली कडुनिंबाची पानंही तेव्हाच उचलायची, नाहीतर पहिल्या पावसात तिथला निचरा तुंबतो.

या सगळ्याआधी बॅटरीची ऋण तार सोडवायची. काही गाड्यांत किल्ली काढल्यावरही रेडिएटरचा पंखा आपोआप फिरू लागतो. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी खायच्या सोड्याच्या पाण्याने जाते. फेस येतो तो कार्बन डायऑक्साइडचा. सोडा बॅटरीच्या आत मात्र जाऊ देऊ नये. अल्टरनेटर (इंजिनावर फिरून वीज बनवणारं यंत्र), फ्यूजची पेटी आणि एअर फिल्टरचं तोंड पॉलिथिनने झाकायचं. नारिंगी, म्हणजे उच्च व्होल्टेजच्या, वायरींची हायब्रिड किंवा विजेची गाडी असेल तर ओला फडकासुद्धा त्या वायरींपासून दूर ठेवायचा.

तेलकट चिकटा काढायला जुने मिस्त्री रॉकेल लावतात. साधारण ३८ अंशांपासून रॉकेलची वाफ पेट घेण्याजोगी होते, आणि इंदुरात मे महिन्याच्या दुपारी हवाच ४० अंशांवर असते. पेट्रोलचं तर नावही काढू नये. शिवाय कूलंटच्या, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाच्या, रबरी नळ्या अशा तेलांनी फुगतात. कॉस्टिकचे कडक क्लीनरही नकोत, कारण ॲल्युमिनियम अल्कलीत विरघळतं आणि चकचकीत भाग काळपट पडतो. गाडीचा शाम्पू किंवा पातळ केलेला सौम्य डिग्रीझर, जुना टूथब्रश आणि थोडा धीर एवढं बस्स. साबणाच्या रेणूचं एक टोक तेलाला, दुसरं पाण्याला धरतं. त्याला दोन-तीन मिनिटं दिली की घासण्याचे कष्ट वाचतात. पण वाळू द्यायचा नाही.

शेवटचं पाणी बोअरचं नको. त्यातले क्षार वाळून मागे राहतात, पुढे दमट हवेत ओले होतात आणि १२ व्होल्टच्या दोन पिनांमध्ये तांब्याला हळूहळू खातात. बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी बाटलीत भरून फवारावं.

मग फडक्याने टिपायचं आणि बोनेट उन्हात उघडं ठेवायचं. पेट्रोलच्या इंजिनात स्पार्क प्लगच्या विहिरी, म्हणजे प्लग बसतात ते खोल खळगे, बघाव्यात. तिथे पाणी साचलं की हजारो व्होल्टची ठिणगी आडवाटेने पळते आणि गाडी मिसिंग करते. झाकलेलं पॉलिथिन काढल्याशिवाय सेल्फ मारू नये, हे सांगायला नको, पण सांगतो.

उंदराच्या लेंड्या दिसल्या तर कोरड्या झाडू नयेत. मास्क-हातमोजे घालून आधी जंतुनाशकाने भिजवाव्यात. तेलकट चिंध्या इंदुरात कचरागाडीच्या घरगुती घातक कचऱ्याच्या कप्प्यात जातात. तेलाचं पाणी मात्र पावसाच्या गटारात सोडू नये, म्हणून धुण्याआधी जितकं पुसून निघेल तितकं काढावं.

या सगळ्याने गाडी जास्त पळत नाही, ॲव्हरेजही वाढत नाही. फायदा आठवड्याभराने दिसतो, जेव्हा स्वच्छ धातूवर एखादा नवा ओला डाग उमटतो. तपकिरी असेल तर तेल, हिरवा किंवा गुलाबी असेल तर बहुधा कूलंट. तेल खाली ओघळतं आणि पंख्याच्या वाऱ्याने मागे पसरतं, त्यामुळे गळती शोधताना सगळ्यांत वरचा आणि पुढचा डाग पकडायचा. मिस्त्रीकडे नेण्याआधी त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा.