फुल वेव्ह लूप आणि मॅग्नेटिक लूप: दोन्हीत गल्लत करू नका

लूप अँटेना म्हटलं की नवीन हॅम (हौशी रेडिओवाली) मंडळी फुल वेव्ह लूप आणि मॅग्नेटिक लूप एकाच पोत्यात घालतात. दिसायला दोन्ही वायरची कडीच, पण एकाचं गणित दुसऱ्याला लावलं की पैसे गेले म्हणून समजा.

फुल वेव्हमध्ये तार अख्ख्या एका वेव्हलेंग्थची, म्हणजे रेडिओ लहरीच्या एका लांबीची. 306 भागिले मेगाहर्ट्झ, उत्तर मीटरमध्ये. 7.1 ला 43 मीटर, 14.2 ला साडेएकवीस. म्हणजे घराच्या वायरिंगची 1 स्क्वेअर एमएमची 90 मीटरची कॉइल आणली तर चाळीस मीटर बँडचा (7 मेगाहर्ट्झचा) एक आणि वीसचे (14 मेगाहर्ट्झचे) दोन लूप आरामात निघतात, वरचं प्लास्टिक काढत बसायचं नाही, फक्त त्यामुळे तार आहे त्यापेक्षा थोडी लांब असल्यासारखी वागते म्हणून एसडब्ल्यूआर (अँटेना किती जुळला ते सांगणारा आकडा) बघत बघत इंच इंच कापत यायचं. फीड पॉइंटला, म्हणजे केबल जोडतो तिथं, शंभर-एकशेवीस ओहम येतात, मध्ये 75 ओहम टीव्ही केबलचा पाव वेव्हचा तुकडा टाकला की 50 ओहमशी जुळतं. तो तुकडा वेलॉसिटी फॅक्टरने (केबलमध्ये लहर जितकी हळू जाते त्या प्रमाणाने) गुणूनच कापा, 14.2 ला आत सॉलिड प्लास्टिक असलेली केबल साडेतीन मीटर, फोमवाली डिशची केबल मात्र सव्वाचारच्या पुढे.

मॅग्नेटिक लूपचा घेर पाव वेव्हपेक्षा कमी, आणि ट्यूनिंगला व्हेरिएबल कपॅसिटर लागतोच. खरी गोम इथं आहे. एक मीटर व्यासाच्या लूपचा 7.1 ला रेडिएशन रेझिस्टन्स (लहरी बनून बाहेर जाणाऱ्या पॉवरचा वाटा) 0.006 ओहम, आणि त्याच 1 स्क्वेअरच्या वायरचा स्वतःचा आरएफ रेझिस्टन्स (रेडिओ फ्रिक्वेन्सीला होणारा विरोध, यात पॉवर नुसती उष्णता होते) 0.6 ओहम! म्हणजे 100 वॉट सोडले तर 1 वॉट बाहेर, बाकी सगळी वायर तापवायला. सोलापुरात तापायला ऊन कमी आहे का ओ? अर्धा इंची तांब्याची नळी घेतली तर दहा टक्क्यांपर्यंत जातं, पण मग स्वस्त कुठं राहिलं. वर 100 वॉटला कपॅसिटरवर हजारो व्होल्ट चढतात, ट्रान्समिट चालू असताना हात लांब ठेवा. फुल वेव्हमध्ये हीच वायर जेमतेम तीन टक्के खाते.

दिशासुद्धा उलट्या. उभा फुल वेव्ह लूप समोर आणि मागे जोरात जातो, म्हणजे दक्षिणोत्तर ताणला तर पूर्व-पश्चिम. छोटा लूप कडेच्या दिशेला जोरात, आणि तोंडासमोर, म्हणजे कडीतून आरपार दिसतं त्या दिशेला, ठार बहिरा.

हा बहिरेपणाच कामाचा आहे. फक्त ऐकायचं असेल तर साधी वायर चालते, कारण चाळीस मीटरवर सिग्नलबरोबर नॉइजही तेवढाच कमी होतो. सोलापूरच्या पूर्व भागात राहत असाल, शेजारच्या यंत्रमागाच्या मोटरची खरखर रिसीव्हरमध्ये येत असेल तर छोटा लूप हाताने फिरवत त्याचं तोंड बरोबर त्या कारखान्याकडे करा, खरखर खाली बसते. स्टेशनही त्याच दिशेला असलं तरी फार बिघडत नाही, लांबचं स्टेशन आयनोस्फिअरवरून (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून) वरनं उतरतं आणि हा नल, म्हणजे बहिरी दिशा, मुख्यतः जमिनीलगत येणाऱ्यालाच नीट लागतो.