होम थिएटर घेताना: आधी खोली, मग संवाद, वॉट शेवटी

आमच्या दुकानात होम थिएटर बघायला येणाऱ्यांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा असतो, "किती वॉटचं आहे?" सोबत आई किंवा आजी आलेल्या असतील तर त्या वेगळंच विचारतात: "यात बोललेलं नीट कळेल ना?" आमच्या मते पैसे कुठे घालायचे ते या दुसऱ्या प्रश्नावरून ठरवावं. म्हणून हे माहितीपत्रक त्याच प्रश्नाला धरून लिहिलं आहे.

संवाद चालू असताना रिमोट घेऊन आवाज वाढवायचा आणि मारामारी सुरू झाली की घाईघाईने कमी करायचा, हे आज घरोघरी चालतं. टीव्ही इतके पातळ झालेत की त्यातले स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून बसवावे लागतात. आवाज भिंतीवर आपटून मग आपल्यापर्यंत येतो आणि त्यात शब्दांच्या कडा बोथट होतात. पाच स्पीकर आणि एक सबवूफर (फक्त खर्जाचा स्पीकर) अशा ५.१ आवाजाच्या चित्रपटात बहुतेक संवाद मधल्या, म्हणजे सेंटर स्पीकरमधून येतात. पाच स्पीकरपैकी सर्वांत जास्त काम त्यालाच असतं, आणि घेताना सर्वांत कमी लक्षही त्याच्याकडेच जातं.

डॉल्बी म्हणजे काय, आकडे काय सांगतात

सातारा-सांगली-कोल्हापूरकडे डॉल्बी म्हटलं की मिरवणुकीतली स्पीकरची भिंत डोळ्यांपुढे येते. त्यामुळे "घरात डॉल्बी नको, शेजारी ओरडतील," असं ग्राहक अगदी मनापासून सांगतात. खऱ्या डॉल्बीचा आवाजाच्या मोठेपणाशी संबंध नाही. रे डॉल्बी यांनी १९६५ साली लंडनमध्ये सुरू केलेल्या कंपनीचं ते नाव. कोणता आवाज कुठल्या स्पीकरमधून यावा, हे तिच्या तंत्रातून ठरतं. हळू आवाजात लावलेला चित्रपटही डॉल्बीच असतो.

५.१ मधले पाच स्पीकर म्हणजे समोर तीन आणि बाजूला किंवा किंचित मागे दोन. पॉइंट एक म्हणजे सबवूफर. ५.१.२ असं लिहिलं असेल तर शेवटचे दोन स्पीकर डोक्यावरच्या आवाजासाठी, म्हणजेच ॲटमॉससाठी. ॲटमॉस चित्रपटगृहांत २०१२ साली आणि घरांत २०१४ साली आलं. बॉक्सवर ॲटमॉस छापलेलं असतं म्हणून ते घेण्याआधी दोन गोष्टी बघा. तुमच्या ओटीटीच्या प्लॅनमध्ये ॲटमॉस मिळतं का? काही ठिकाणी ते फक्त महागड्या प्लॅनमध्येच असतं. आणि तुमचं छत कसं आहे? वर तोंड करून आवाज छतावर आपटवणाऱ्या स्पीकरला सपाट, टणक छत लागतं. कौलारू किंवा उतरत्या पत्र्याच्या छताखाली त्याचा उपयोग होत नाही. तिथे आम्ही ते विकत नाही.

वॉटबद्दल थोडंसं. पीएमपीओचा, म्हणजे क्षणभराच्या ताकदीचा फुगवलेला आकडा पूर्ण सोडून द्या, फक्त आरएमएस, म्हणजे सतत देता येणारी ताकद बघा. वॉट दुप्पट केले की आवाज वाढतो फक्त ३ डेसिबल, म्हणजे जेमतेम जाणवेल इतका. कानाला दुप्पट वाटावा म्हणून सुमारे दहापट वॉट लागतात. दहा बाय बाराच्या हॉलमध्ये ५०० आणि ८०० वॉटच्या फरकासाठी जास्त पैसे मोजू नका.

तुमची खोली

आज संध्याकाळी एक करून बघा. हॉलच्या मधोमध उभं राहून एकदा जोरात टाळी वाजवा. टाळीच्या मागोमाग 'टर्रर' असा बारीक धातूसारखा आवाज आला, तर दोन उघड्या भिंतींमध्ये आवाज चेंडूसारखा उडतोय असं समजा. विट्रीफाइड फरशी, काचेची सरकती दारं आणि कोऱ्या भिंती असलेल्या नव्या फ्लॅटमध्ये हे हमखास होतं. अशा खोलीत दोन लाखांची सिस्टीमही शब्द गिळते. सोफ्यासमोर जाड गालिचा, खिडकीला चुण्यांचे जाड पडदे आणि मागच्या भिंतीला पुस्तकांचं उघडं कपाट एवढ्यानेच संवाद मोकळे होतात. हा खर्च सिस्टीमच्या आधी करा, कारण त्यानंतर कदाचित लहान सिस्टीमही पुरेल.

खोली चौरस असेल तर आम्हाला आधीच सांगा. दोन भिंतींमध्ये १० फूट अंतर असलं की साधारण ५६ हर्ट्झचा सूर त्यांच्यात अडकून घुमत राहतो. खोली दहा बाय दहाची असेल तर लांबी आणि रुंदी दोन्हीकडून तोच सूर घुमतो, आणि प्रत्येक ठोक्याला भांड्यात तोंड घातल्यासारखं 'बुम्म' होतं. हा दोष सबवूफरचा नसतो, फक्त त्याची जागा बदलावी लागते. जागा शोधायची एक जुनी रीत आहे आणि ती अजूनही सर्वांत चांगली. सबवूफर चक्क सोफ्यावर, तुमच्या बसायच्या जागी ठेवायचा, खर्जातलं एखादं गाणं लावायचं, आणि आपण जमिनीवर रांगत भिंतीच्या कडेने फिरायचं. जिथे ठोका नेमका आणि स्वच्छ ऐकू येईल तिथे सबवूफर ठेवायचा. आमची मुलं बसवायला येतात तेव्हा हेच करतात. घरातल्या लहान मुलांना त्यांच्याबरोबर रांगू द्या, त्यांचे कान तीक्ष्ण असतात.

समोरचे डावे-उजवे स्पीकर तुमच्या जागेपासून सरळ रेषेच्या ३० अंश बाजूला, कानाच्या उंचीवर. बाजूचे दोन साधारण ११० अंशांवर, कानापेक्षा फूट-दीड फूट वर. घरात हे अगदी मोजून जमत नाही, जवळपास जमलं तरी फरक कळतो.

मागच्या पावसाळ्यात एका ग्राहकांनी तक्रार केली की नव्या सेंटर स्पीकरमधून बोलणं घोगरं येतंय. जाऊन पाहिलं तर सुताराने टीव्ही युनिटमध्ये त्याच्यासाठी छान कप्पा केला होता, आणि स्पीकर त्या कप्प्यात हातभर आत ढकललेला होता. आम्ही तो ओढून फळीच्या कडेपर्यंत आणला, खाली रबराची दोन बुटकी पाचर लावली आणि तोंड किंचित वर, सोफ्याकडे केलं. एवढंच. त्यांच्या सासूबाई आतल्या खोलीतून उठून बाहेर आल्या. युनिट बनवायच्या आधी आम्हाला फोन करा, मापं आम्ही सुताराला देऊ.

बजेट

पुढचे आकडे आमच्या अनुभवातले ढोबळ आहेत. ब्रँड आणि सणाच्या सवलतींप्रमाणे ते हलतात.

१५ ते २५ हजारांत वेगळा सबवूफर असलेला साउंडबार, म्हणजे टीव्हीखाली ठेवायचा पट्टीसारखा स्पीकर येतो. भाड्याचं घर, लहान हॉल आणि मुख्यतः मालिका-बातम्या बघणारं घर असेल तर इथेच थांबा. घेताना २.१ ऐवजी ३.१ बघा. तो जादाचा एक म्हणजे संवादाचा सेंटर, आणि तुमचे पैसे त्यातच वसूल होतात. याच किमतीत वायरवाले मागचे स्पीकर देणारे ५.१ संचही मिळतात, पण मागे वायर न्यायची सोय नसेल तर ते शेवटी टीव्हीशेजारीच रांगेत उभे राहतात.

वेगळा रिसीव्हर (आवाज वाढवून प्रत्येक स्पीकरला वाटून देणारी पेटी) आणि वेगळे स्पीकर घ्यायचे तर ७० हजार ते एक लाख धरून चला. एका लाखाची वाटणी आम्ही अशी सुचवतो: रिसीव्हर ३५ हजार, समोरचे तीन स्पीकर मिळून ३२ हजार, सबवूफर १५ हजार, बाजूचे दोन ८ हजार, आणि वायर, स्टँड, स्पाइक गार्ड, बसवणी यांना १० हजार. समोरचे तिन्ही स्पीकर एकाच मालिकेतले घ्या. नाहीतर पडद्यावर माणूस डावीकडून उजवीकडे चालत गेला की त्याचा आवाज वाटेत बदलतो. शेवटच्या १० हजारांना कात्री लावायची इच्छा सगळ्यांनाच होते. ती लावू नका.

एवढे पैसे आज नसतील तर कर्ज काढू नका. चांगला रिसीव्हर आणि समोरचे तीन स्पीकर आधी घ्या, सबवूफर दिवाळीला आणि मागचे दोन पुढच्या वर्षी. रिसीव्हरला 'तीनच स्पीकर आहेत' असं सेटिंगमध्ये सांगितलं की मागचा आवाज तो समोर वळवतो, काही गमावत नाही. आम्ही अशी बरीच घरं टप्प्याटप्प्याने पूर्ण केली आहेत.

वायर आणि सेटिंग

घराचं काम चालू असेल तर पीओपी होण्याआधी भिंतीत २५ मिलिमीटरचा पाइप टाकून ठेवा. आज काहीशे रुपयांत होणाऱ्या कामासाठी नंतर रंगकाम उकरावं लागतं. वायर शुद्ध तांब्याची, १६ गेजची. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायरही मिळते. टोक खरवडून बघितलं की आत पांढरं दिसतं.

टीव्हीला जोडताना एचडीएमआयच्या ज्या खोबणीवर एआरसी किंवा ईएआरसी लिहिलंय तीच वापरा, टीव्हीचा आवाज तिच्यातूनच बाहेर येतो. ऑप्टिकल वायरीतून ॲटमॉस येत नाही. मग टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये जाऊन डिजिटल आउटपुट बघा. तिथे पीसीएम असेल तर बदलून ऑटो किंवा पास-थ्रू करा. ५.१ घेऊन दोन-दोन वर्षं नुसता स्टिरिओ ऐकणारी घरं आम्ही पाहिली आहेत, कारण एवढंच.

रिसीव्हरबरोबर मिळणारा माइक खोली मोजतो. मोजणी करताना तो हातात धरू नका, स्टँडवर किंवा डब्यांच्या उतरंडीवर कानाच्या उंचीला ठेवा. पंखा आणि मिक्सर बंद, आणि कुकर गॅसवरून खाली. मोजणी झाल्यावर सगळ्या स्पीकरचा क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचा खर्ज सबवूफरकडे जातो ती सीमा) ८० हर्ट्झला ठेवा, आणि सेंटरची पातळी २-३ डेसिबल बिनधास्त वाढवा. वयस्कर माणसं घरात असतील तर हे पहिल्याच दिवशी करा.

सेट-टॉप बॉक्स जोडल्यावर 'गुंऽऽ' असा अखंड आवाज आला तर केबलची वायर काढून बघा. आवाज थांबला तर दोष अर्थिंगच्या दोन वाटांचा आहे, सिस्टीम बिघडलेली नाही. अर्थिंगची पिन मात्र कधीही काढून टाकू नका.

राहता भाग असेल तर नियमाने आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळात ४५ डेसिबल आहे. फ्लॅटमध्ये सबवूफर जाड रबराच्या पट्ट्यांवर ठेवा आणि रात्री रिसीव्हरचा नाईट मोड लावा. त्याने स्फोट बसतात आणि कुजबुज वर येते.

दुकानात येताना

हॉलची लांबी-रुंदी-उंची, चारही भिंतींचे फोटो आणि टीव्हीच्या पाठीमागच्या खोबण्यांचा एक फोटो आणा. ज्या चित्रपटातला जो प्रसंग घरी कळला नाही, त्याचं नाव आणि साधारण मिनिट लिहून आणा. घरात ज्यांना कमी ऐकू येतं त्यांना सोबत घेऊन या. तोच प्रसंग आम्ही तीन वेगवेगळ्या संचांवर एकाच पातळीला लावू, आणि खुर्ची त्यांना देऊ.