निर्णय घेताना तर्क आणि अंतःप्रेरणा

पर्याय समोर मांडून, आकडे बघून, तोलूनमापून ठरवणं म्हणजे तर्क, आणि कारण धड सांगता येत नाही तरी आतून उत्तर येतं ती अंतःप्रेरणा. बोलताना आपण 'मन घेत नाही' किंवा 'त्याची नजर बसलीय' म्हणतो ते ह्यातलंच.

पुण्यात हापूसच्या सीझनला गुलटेकडीच्या मार्केट यार्डात जाऊन बघा, मुरलेला अडत्या पेटीतला एक आंबा उचलतो, देठाजवळ वास घेतो आणि सांगतो अजून चार दिवस अढीत राहू दे. कशावरून विचारलं तर त्याला सांगता येत नाही. ह्यात जादू काही नाही, हर्बर्ट सायमन (1978 चं अर्थशास्त्राचं नोबेल) यांच्या मते अंतःप्रेरणा म्हणजे ओळख पटणं, हजारदा पाहिलेलं डोक्यात साठलेलं असतं ते झटकन वर येतं. मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांना आग विझवणाऱ्या जवानांमध्ये हेच दिसलं, ते पर्यायांची तुलना करत बसत नाहीत, प्रसंग ओळखतात आणि सुचलेला पहिला उपाय मनात चालवून बघून कामाला लागतात.

पण हाच झटपटपणा फसवतोही. वही आणि पेन मिळून 110 रुपये, वही पेनापेक्षा 100 रुपयांनी महाग, तर पेन केवढ्याला? पटकन 10 तोंडात येतं, उत्तर आहे 5. अशा चुकांवर डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की ह्या मानसशास्त्रज्ञांनी आयुष्य घातलं, कानेमन यांना 2002 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते 2009 चं काम, कानेमन आणि क्लाइन खरं तर विरुद्ध मतांचे, पण दोघांनी मिळून लेख लिहिला आणि दोन अटींवर त्यांचं एकमत झालं, क्षेत्रात काहीतरी नियमितपणा हवा आणि आपलं बरोबर की चूक हे वारंवार कळायला हवं. अडत्याला आठवड्यात कळतं आंबा कसा निघाला. बाणेरला फ्लॅट घेणारा आयुष्यात एकदा, फार तर दोनदा घेतो, मग नजर बसणार कधी? तिथे आधी कागदपत्रं, पाणी आणि हप्ता बघायलाच हवा.

तरी आतला आवाज फेकून देऊ नये. 1950 च्या दशकात तरुण कानेमन यांनी इस्रायली सैन्यभरतीच्या मुलाखती बदलल्या, आधी सहा गुणांना वेगवेगळे मार्क द्यायचे, मग डोळे मिटून मनाला वाटेल तो आकडा सांगायचा. तो शेवटचा आकडा सहा गुणांच्या बेरजेइतकाच कामाचा निघाला.