तागालोगचं क्रियापद बोट कुणाकडे दाखवतं?

फिलिपिन्सची तागालोग भाषा संस्कृतची लेक आहे, असा दावा अधूनमधून फिरत असतो. पुरावा म्हणून ‘गुरो’ (शिक्षक), ‘मुखा’ (चेहरा), ‘आसा’ (आशा) हे शब्द दिले जातात. शब्द संस्कृतातून गेलेत हे खरं, पण ते उसने. उसनवारीवरून कूळ ठरत नाही. तागालोगचं कूळ ऑस्ट्रोनेशियन. मादागास्करपासून ईस्टर बेटापर्यंतच्या हजारावर भाषा त्यात येतात. आणि तिचं क्रियापद पाहिलं की संस्कृतचा विचारही मनात येत नाही.

‘बिली’ म्हणजे विकत घेणे. ‘बाईने दुकानातून मासा घेतला’ हे असं सांगता येतं:

बुमिली आंग बाबाए नांग इस्दा सा तिंदाहान.
बिनिली नांग बाबाए आंग इस्दा सा तिंदाहान.

बाबाए म्हणजे बाई, इस्दा म्हणजे मासा, तिंदाहान म्हणजे दुकान. धातूच्या पोटात पहिल्या वाक्यात ‘उम’ शिरला, दुसऱ्यात ‘इन’. नामाआधी येणारा ‘आंग’ हा छोटा शब्द वाक्यातल्या एकाच नामाला मिळतो आणि त्या नामाची भूमिका कोणती, ते क्रियापद सांगतं. आंग न मिळालेल्या कर्त्याला किंवा कर्माला ‘नांग’ लागतो. ‘बुमिली’ म्हटलं की आंगवाला कर्ता, ‘बिनिली’ म्हटलं की कर्म. ‘बिनिल्हान’ म्हटलं की आंग दुकानाला, आणि बाईने मासा मुलासाठी घेतला असेल तर ‘इबिनिली’ म्हणून आंग मुलाला देता येतो.

अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ लेनर्ड ब्लूमफील्ड यांनी 1917 मध्ये यातल्या पहिल्या रूपाला कर्तरी आणि बाकीच्यांना कर्मणीचे प्रकार म्हटलं. ते मला पटत नाही. ‘बाईकडून मासा घेतला गेला’ हे आपल्याकडे पंचनाम्यात शोभतं. ‘बिनिली’ मात्र रोजच्या बोलण्यातलं आहे आणि त्यात बाई बाजूलाही पडत नाही. शाळेतल्या कर्तरी-कर्मणीशीही गल्लत नको. ‘बाई मासा घेते, बाईने मासा घेतला’ हा बदल मराठीत काळ घडवतो. तागालोगमध्ये चालू क्रियेतही ‘बुमिबिली’ आणि ‘बिनिबिली’ दोन्ही आहेत.

मग बोलणारा निवड कशी करतो? मुख्य कसोटी कर्माच्या ओळखीची. कुठलातरी मासा घेतला असेल तर ‘बुमिली’. ‘तो’ मासा, म्हणजे ऐकणाऱ्याला आधीच ठाऊक असलेला, तर साध्या वाक्यात ‘बिनिली’च. कर्म विशेषनाम असेल तर कर्माचं रूप जवळपास ठरलेलंच: ‘नाकिता को सि मारिया’, मला मारिया दिसली. (माणसाच्या नावापुढे ‘आंग’च्या जागी ‘सि’ येतो.)

पण ‘कुणी’ किंवा ‘काय’ असा प्रश्न विचारायचा झाला की दुसरा नियम आडवा येतो. ज्याच्याबद्दल विचारायचं, आंगची जागा त्याचीच हवी. कुणी घेतला? ‘सिनो आंग बुमिली नांग इस्दा?’ काय घेतलं? ‘आनो आंग बिनिली नांग बाबाए?’ इथे रूपांची अदलाबदल चालतच नाही. आता दोन्ही नियम भिडवून बघा: मासा ओळखीचा, पण प्रश्न घेणाऱ्याबद्दल. ओळख ‘बिनिली’ मागते, प्रश्न ‘बुमिली’. जिंकतो प्रश्न. ‘बुमिली’च येतं आणि एरवी कर्मांपैकी फक्त अनोळखी कर्मालाच लागणारा ‘नांग’ इथे ओळखीच्या माशालाही चालवून घेतला जातो. म्हणजे बोलणाऱ्याची ‘निवड’ वाक्याच्या रचनेने बऱ्याचदा आधीच केलेली असते.

हे तागालोगपुरतं नाही. हजारो किलोमीटर दूर, मादागास्करच्या मालागासीतही कर्माबद्दल विचारायचं तर क्रियापदाचं रूप आधी बदलावं लागतं.